घरचा सर्व्हर

"पण बुवा, माणूस स्वतःच्या पायावर उभा राहिला, हे लोकांना का पाहवत नाही?"

सोपानबुवा मठीच्या पायरीवर शेंगा सोलत होते. "कोणाला पाहवत नाही?"

"माझ्या थोरल्या दादाला," विश्राम म्हणाला.

विश्राम देवस्थळी म्हणजे कऱ्हाडातला नावाजलेला कॉम्प्युटरवाला. आपला हात जगन्नाथ, हा त्याचा बाणा. त्याची वेबसाइट आणि ईमेल बाहेरच्या कुठल्या कंपनीकडे नव्हते. देव्हाऱ्याशेजारी जुना कॉम्प्युटर मांडून, घरच्याच इंटरनेटवर त्याने स्वतःचं टपालघर थाटलं होतं. देवाला दिवा एकदा, या यंत्राला तीनदा नमस्कार!

रविवारी त्याच्या मुलीचं लग्न. दादाशी तीन वर्षांचा अबोला. तरी विश्रामने मोठ्या मनाने, म्हणजे त्याच्या मते मोठ्या मनाने, दादाला ईमेलवर आवतण धाडलं होतं.

"आठ दिवस झाले, बुवा. एक ओळ नाही. पोरगी रोज विचारते, काका येणार ना?"

"आवतण पोचलं का?"

"पोचल्याची नोंद आहे माझ्याकडे."

"मग त्यांचं उत्तर तुझ्याकडे आलं नसेल."

विश्राम हसला. "माझा पहारा कडक आहे. फुकटच्या ईमेल खात्यावरून आलेलं टपाल माझा सर्व्हर आत घेतच नाही. दारातूनच हाकलतो."

"बरं करतोस... दादांचं खातं कसलं आहे रे?"

विश्रामने एक शेंग उचलली आणि टरफलासकट तोंडात टाकली.

"...फुकटचंच."

बुवांनी झोळीतून रुमालात गुंडाळलेला मोबाइल काढला आणि त्याच्यापुढे धरला. "माझंही फुकटचंच. पोरीसाठी चारदा आशीर्वाद पाठवला. बघ."

चारही आशीर्वादांखाली एकच उत्तर होतं : 'प्रेषक विश्वासार्ह नाही. टपाल परत.'

विश्राम शरमेने लाल झाला. "आत्ता घरी जातो, बुवा. पहारा काढतो, दादाला नवा ईमेल..."

बुवा आत गेले. मूठभर तांदूळ आणले, कुंकवात कालवले आणि त्याच्या हातावर ठेवले.

"दादांचं घर किती लांब?"

"...माझ्यापासून तिसरी गल्ली."

"मग ऊठ."

विश्राम उठला. चार पावलं गेला आणि मूठ घट्ट धरून मागे वळला.

"पण बुवा... दादाने दारातूनच हाकललं तर?"

बुवांनी पुढची शेंग फोडली.

"माझा आशीर्वाद तू चारदा हाकललास. पाचव्यांदा निघालाच होता."