रिकामी परतलेली घागर

एका राज्यात डोंगरउतारावर द्राक्षांचे मांडव होते, आणि मांडव संपले की वन लागे. वनात तळी होती, तळ्यांना वाचा होती. द्राक्षं तुडवून रस निघाला, रस मुरून आसव झालं, की आयाबाया घागरी घेऊन वनात जात. एकेका तळ्याला भेटत, ओंजळभर आसव पाण्यात सोडत, काठाशी बसून सुखदुःखाचं बोलत. तळी म्हणजे त्यांची नात्यातलीच.

आणि त्या राज्याची एक रीत होती. कुणाचं भांडं घरी आलं तर ते रिकामं परत करायचं नाही. चिमूटभर साखर घालायची, द्राक्षांचा घोस घालायचा, काही ना काही घालायचंच. रिकामं भांडं परतायचं ते एकाच घरून. ज्या घरात सुतक असेल, त्या घरून.

राजाचं नाव धवलकीर्ती, राणीचं मंदारवती. त्यांची एकुलती लेक वल्लरी. लेक पाळण्यात असताना तापानं फणफणली. वैद्यांनी हात टेकले, मांत्रिकांनी मान हलवली. राणी अनवाणी धावली ती वनातल्या मोठ्या तळ्याकडे. तळ्यानं आपल्या चांदीच्या घागरीत औषधाचं पाणी भरून दिलं. ते ओठाला लावलं आणि पोरीनं डोळे उघडले. राणीला आनंदानं काही सुचेना. घागर परत करायला ती स्वतः गेली खरी, पण जीव सगळा पाळण्यापाशी. घागर काठावर ठेवली आणि आल्या पावली माघारी पळाली. घागरीत काही घालायचं राहूनच गेलं.

महालात आली, पाळण्यात वाकली, आणि तिनं दासीला विचारलं, "हे गं कुणाचं बाळ?"

तेव्हापासून राणीला सगळं आठवे, लेक तेवढी आठवेना. राजाला वाटलं, वनात चेटूक झालं. त्यानं वनाची वाट काट्यांनी बुजवली. एक जादूगार पूर्वेकडून आला, एक पश्चिमेकडून, एक आकाशातून उतरला. तिघांनी तीन मंत्र घातले आणि तिघेही मान खाली घालून गेले. तळ्यांकडे मात्र कुणी गेलं नाही, की तळ्यांना कुणी काही कळवलं नाही.

वल्लरी मोठी झाली. रोज सकाळी ती आईच्या केसांत फुलं माळी. राणी आरशातून तिच्याकडे बघे.

"किती हलका हात आहे तुझा! कुणाची गं तू?"

"तुमचीच, आईसाहेब."

राणी हसे. "लाघवी आहेस. जा हो आता, तुझी आई वाट बघत असेल."

वल्लरी हसून बाहेर येई, आणि बाहेर आल्यावर मग डोळे पुसी.

एका द्राक्षहंगामात ती अशीच मांडवाखाली डोळे पुसत बसली होती. वर एक निळा खंड्या येऊन बसला. वनातले मासे कमी झाले म्हणून तो पहिल्यांदाच वनाबाहेर पडला होता.

"एवढी द्राक्षं लागलीत आणि तू खारट पाणी गाळतेस?" तो म्हणाला. "सज्जात बसलेली ती बाई कोण?"

"माझी आई. राणी मंदारवती."

"हिला मी रोज पाहतो. मासा धरायला बुडी मारली की मोठ्या तळ्याच्या तळाशी एक उजेड दिसतो. त्या उजेडात ही बाई पाळणा हलवत असते."

वल्लरी उठली ती थेट राजापुढे उभी राहिली.

"बाबामहाराज, वनाची वाट उघडा."

"त्या वनानं तुझी आई नेली. तुलाही नेलं तर?"

"आई समोर बसली आहे, आणि मी तिची कुणीच नाही. याहून वेगळं वन काय नेणार?"

राजानं स्वतःच्या हातानं काटे उपसले.

वल्लरीनं मातीच्या घागरीत नवं आसव घेतलं आणि पहाट फुटताच निघाली. पुढं खंड्या, मागं ती.

पहिलं तळं शेवाळानं गच्च भरलेलं. ते कण्हत म्हणालं, "पोरी, माझ्या केसांचा गुंता झालाय. इतक्या वर्षांत इकडं कुणी फिरकलं नाही."

"मावशी, माझ्याकडे फणी आहे," ती म्हणाली. गुडघाभर पाण्यात उतरून तिनं शेवाळाची बट न् बट विंचरली. पाणी मोकळं झालं. तिनं ओंजळभर आसव वाहिलं.

"तुझं भांडं रिकामं कसं पाठवू?" म्हणत तळ्यानं घागरीवर एक कमळाचं पान झाकलं.

दुसरं तळं आटून थाळीएवढं उरलेलं. ते म्हणालं, "मला काही नको. नुसती बस जरा."

"बसू नकोस," खंड्या कुजबुजला. "ही फार बोलते."

"ऐकलं हो मी, मासेखाऊ!"

वल्लरी बसली. मांडवांना कशी फुलं आली, कुणाच्या घरी लग्न झालं, कुणाच्या घरी नातू झाला, सगळं सांगत बसली. ऐकता ऐकता तळं काठोकाठ भरलं. तिनं ओंजळभर आसव वाहिलं. तळ्यानं घागरीत एक गारगोटी टाकली. तिचा गारवा कधी सरत नसे.

मग मोठं तळं आलं. पाणी काळंभोर. एक कमळ नाही, एक तरंग नाही. झाडांची सावलीसुद्धा पाण्यात उमटत नव्हती. काठावर चांदीची घागर उपडी पडलेली. वल्लरी आसव वाहायला वाकली.

"थांब," तळं म्हणालं. "मला सुतक आहे. आसव नको."

"कुणाचं सुतक, माई?"

"राणीच्या लेकीचं. तान्ही होती. औषध पाठवलं होतं मी, पण घागर रिकामी परत आली. तेव्हाच समजले. राणी बोलली नाही, रडली नाही, तशीच पळत गेली. मला बघवेना गं. म्हटलं, एवढं दुःख ही कशी सोसणार? म्हणून लेकीची आठवणच काढून घेतली आणि माझ्या तळाशी ठेवली."

वल्लरी पाण्याच्या अगदी कडेशी गुडघे टेकून बसली.

"माई, जरा डोळे उघडून माझ्याकडे बघ."

काळं पाणी हललं. इतक्या वर्षांत त्यात पहिल्यांदा प्रतिबिंब उमटलं. राणीचंच कपाळ, राणीचीच हनुवटी.

"जगलीस तू?"

"तुझ्याच पाण्यानं जगले. माझी आई आनंदात रीत विसरली."

तळं हसलं की रडलं, कोण जाणे. पाणी काठ चढून वर आलं आणि त्यानं वल्लरीची पावलं कुशीत घेतली. तळाचा उजेड हळूहळू वर आला आणि वल्लरीनं सुलट केलेल्या चांदीच्या घागरीत उतरला.

"जप हो," तळं म्हणालं. "आठवण उन्हानं सुकते."

वल्लरीनं आत गारगोटी सोडली, वर कमळाचं पान झाकलं. मातीची घागर आसवासकट काठावर ठेवली आणि चांदीची घागर छातीशी धरून निघाली.

"मी उचलू का थोडा वेळ?" खंड्यानं विचारलं.

"तू तर मुठीएवढा!"

"विचारायला काय जातं?"

महालात राणी सज्जात बसली होती. "आलीस? आज फुलं नाही आणलीस? कुणाची गं..."

वल्लरीनं घागरीतून पेला भरून पुढं केला. राणी तो प्यायली. पेला खाली ठेवला. मग हात लांबवून तिनं वल्लरीच्या कपाळावर तळवा टेकला.

"ताप उतरला का गं, बाळे?"

"उतरला, आई."

राणीनं लेकीला मांडीवर ओढलं. एवढी मोठी लेक, मांडीत मावेना, तरी मावली.

राणी सावरली तेव्हा तिची नजर चांदीच्या घागरीकडे गेली. "अगं बाई, हे भांडं तसंच राहिलं की!"

मायलेकी दोघी मिळून वनात गेल्या. घागरीत साखर होती, नवं आसव होतं, वर द्राक्षांचा घोस होता. तळ्यानं सुतक सोडलं, पाणी निळं झालं, कमळं उमलली, मासे परतले. खंड्यानं पोटभर खाल्ले. राजानं काट्यांची होळी केली आणि वाट मोकळी केली. आयाबाया पुन्हा तळ्यांच्या भेटीला जाऊ लागल्या.

ती तळी जशी भरली, तशी ऐकणाऱ्यांची घरं भरलेली राहोत, आणि ज्याची माय दुरावली असेल त्याला ती कपाळावर हात ठेवून ओळखो.