कोण किती ओढतो?

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी की, तेव्हा डोंगरांना नावं पडायची होती आणि वारा, ओढा, बैल माणसांशी मोकळेपणानं बोलत.

गावापासून दूर, एका कड्यावर एक संशयी माणूस राहत असे. गावच्या विहिरीवर शेजारी आपल्या पाळीचं पाणी चोरतात, असं वाटून तो बायकोसह इथं आला होता. कुणी काही चोरत नव्हतं. पण संशयाला पुरावा कुठं लागतो?

ओढा कड्याच्या पायथ्याशी होता. तिथलं पाणी अंगणात चढवायला एका सुतारानं त्याला रहाट बांधून दिला. लांब दोराला मडकी, आणि दोर फिरवायला तिघं : खाली ओढ्यातलं चाक, वर वाऱ्याची शिडं आणि अंगणात गोल फिरणारा म्हातारा बैल. प्रत्येकाची एक खुंटी. ती ठोकली की तो जुंपला, काढली की सुटला.

"तिन्ही खुंट्या ठोकूनच ठेवा," सुतार म्हणाला. "ज्याला जेवढं जमेल तेवढं तो ओढील."

पाणी भरपूर येऊ लागलं. पण आमच्या या शहाण्याला चैन पडेना. 'तिघं मिळून फिरवतात, मग कोण किती ओढतो हे कळणार कसं? एखादा नक्की फुकट फिरत असणार!'

त्यानं वाऱ्याला विचारलं. वारा हसून म्हणाला, "असतो तेव्हा ओढतो." ते हसणं त्याला लबाड वाटलं.

ओढा म्हणाला, "मी तर आपला वाहतच असतो."

"म्हणजे कामासाठी मुद्दाम काही करत नाहीस!"

बैल बिचारा साधा. तो म्हणाला, "धनी, हे दोघं जोरात असले की मी नुसता चालतो. ते थकले की खांदा लावतो."

"ऐकलंस?" तो बायकोला म्हणाला. "चोर आपल्या तोंडानं कबूल झाला!" त्या दिवसापासून बैलाची वैरण निम्मी झाली. आणि यापुढं एका वेळी एकच खुंटी ठोकायची, असा नियम झाला. पावसाळ्यात ओढा एकटाच पुरून उरला, तेव्हा तर त्याला आपल्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

उन्हाळ्यात लेक बाळंतपणाला माहेरी आली. तिला मुलगी झाली. घरात पाण्याची गरज वाढली आणि नेमका वारा पडला, ओढा बारीक झाला.

त्यानं वाऱ्याची खुंटी ठोकली. मडकी अर्ध्या कड्यापर्यंत आली आणि मागं घसरली. ती खुंटी काढून ओढ्याची ठोकली. रहाट करकरला आणि थांबला. "सगळे कामचुकार!" तो ओरडला.

बाळंतिणीच्या न्हाणीत पाणी नाही, तिच्या घशाला कोरड, अंगावरचं दूध आटत चाललेलं. लेक रडून म्हणाली, "बाबा, मी सासरी जाते. माझं बाळ इथं जगायचं नाही."

तान्ह्या जिवाला घेऊन त्या उन्हात कडा उतरायचा? तो घाबरला. त्यानं बैलाला एकट्याला जुंपलं. अर्धपोटी बैलानं जीव खाऊन ओढलं आणि गुडघे टेकले.

इतके दिवस गप्प असलेली बायको उठली. तिनं वाऱ्याची आणि ओढ्याची, दोन्ही खुंट्या एकदम ठोकल्या. "पुरे झाली तुमची चौकशी," ती म्हणाली.

दोर हलला. मडकी वर आली, आणखी वर आली, आणि अंगणाच्या काठाखाली अडली. जरासाच जोर कमी पडत होता. बैल तर उठू शकत नव्हता. मग त्या माणसानं जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि ओढलं. पाणी वर आलं.

पहिलं मडकं लेकीला गेलं, दुसरं बैलाला.

बैल वाचला, पण पुन्हा जुंपण्याजोगा राहिला नाही. त्याची पाळी धन्याकडे आली.

एकदा छान वारा सुटला होता. तो जू घेऊन गोल फिरत होता. नातीला कडेवर घेऊन बायको दारात आली. "का हो," तिनं विचारलं, "ओढताय, की नुसतेच चालताय?"

'ओढतोच आहे' अशी शपथ घ्यायला तो थांबला. समोर सावलीत बैल पोटभर वैरण खात त्याच्याकडे बघत होता. धन्यानं मान खाली घातली आणि तो चालू लागला.

तात्पर्य : थोडं थोडं बळ असलेल्यांना एकत्र जुंपावं, आणि अडीनडीला उपयोगी पडणाऱ्याची वैरण चांगल्या दिवसांत तोडू नये.