फाटकाखालचा दगड

“मग मेस्त्री, आता जाऊ ना मी?”

वसईकडच्या एका जुन्या चर्चच्या आवारभिंतीपाशी इनासने हे विचारलं. कैतान मेस्त्रींच्या हाताखाली तो पाथरवट झाला होता. आता त्याला स्वतःच्या नावावर कामं घ्यायची होती, आणि तीही लगेच.

“तुमची अडचण नाही होणार,” तो म्हणाला. “माझ्या जागी मावसभावाला पाठवतो. माझ्यापेक्षा सफाईदार हात आहे त्याचा.”

मेस्त्री फाटकाकडे बघत राहिले.

काय फाटक होतं ते! काळ्या दगडाचे दोन खांब आणि मधे लोखंडाची द्राक्षवेल, पान न् पान ठोकून काढलेलं. कुण्या लोहाराने घडवलं, गावात कुणालाच ठाऊक नाही. एवढ्या फाटकाचा सगळा भार खालच्या एका खुंट्यावर, आणि खुंटा दगडातल्या खळग्यात. तो खळगा झिजून पार वाकडा झाला होता. म्हणून इनासने नवा दगड घडवून आणला होता. त्यातला खळगा असा गोल, की बघत राहावं.

“सुरेख घडवलास,” मेस्त्री मनापासून म्हणाले. “बसव.”

गड्यांनी फाटक उचललं. इनासने दगड बदलला, खुंटा नव्या खळग्यात उतरवला आणि ऐटीत फाटक ढकललं.

फाटक एका अंगाला कललं, किंचाळलं आणि अर्ध्यावरच अडलं.

उद्या सणाची मिरवणूक इथूनच निघायची होती. इनास फाटकाखाली वाकला.

“खळग्यात चूक नाही, मेस्त्री! शपथ घेऊन सांगतो!”

“नाहीच आहे.”

“मग?”

मेस्त्रींनी फाटक पुन्हा उचलायला लावलं. इनासचा हात धरला आणि खुंट्यावर ठेवला.

बोटांना कळलं. खुंटाही एकाच अंगाने झिजला होता... अगदी त्या जुन्या खळग्यासारखा वाकडा.

इनासने जुना दगड परत बसवला. मेस्त्रींनी फाटकाला नुसती करंगळी लावली. ते फिरलं, आवाजसुद्धा झाला नाही.

“दगड लोखंडाला झिजवत होता, मेस्त्री, की लोखंड दगडाला?”

मेस्त्रींनी हातावरची धूळ झटकली...

“जायचं तर खुशाल जा, इनास,” ते म्हणाले. “पण मावसभावाला पाठवू नकोस.”