न कापणारे हात

"आता तरी निखारा देणार की नाही, बाबा?"

उल्का नुकतीच आत आली होती. वय सतरा. सकाळपासून ती लेण्याबाहेरच्या बर्फावर अनवाणी बसली होती.

वस्तीतले म्हातारे सोनबा चुलीपाशी पेज पीत होते. सूर्य फिकट होऊन सह्याद्री बर्फाखाली गेला, त्याला साठ वर्षं होत आली होती. या चुलीतली आग तेव्हापासूनची. ती सोनबांच्या हवाली होती.

घाटापलीकडच्या कातळवाडीतली आग मात्र परवा विझली. तिथे उल्काची बहीण होती, आठ दिवसांची बाळंतीण.

"कशाच्या जोरावर जातेस?"

"दुपारपर्यंत बसले. एकदाही कापले नाही. हे बघा."

तिने हात पुढे केले. दगडासारखे स्थिर.

वस्तीत हीच परीक्षा मानत. न कापेल तो पक्का.

"आणि तुमचे बघा," ती म्हणाली. "निम्मी पेज दाढीला पाजता."

"पाजतो. तिलाही थंडी वाजते."

उल्का हसली नाही.

"घाटात धवळी भेटेल," सोनबा म्हणाले.

धवळी धुक्याची होती. ती कुणाला मारत नसे. वाटसरूच्या कानाशी येऊन एवढंच म्हणे... दमलास ना? बस जरा.

"मी नाही भीत तिला."

"तिचं ऐकून एकोणीस जण बसलेत घाटात. पाहिलेस?"

"पाहिले. पार बर्फ झालेत."

"त्यातला एक तरी कापतो का?"

सोनबांनी चिमट्याने एक निखारा मडक्यात टाकला. त्या आगीची एक खोड होती. अंगावर राख साचली की ती मरायची.

"धर."

उल्काने मडकं धरलं. हात जराही हलले नाहीत. निखाऱ्यावर पांढरी साय धरली. मग लाली बुडाली.

"बाबा, विझतोय!"

सोनबांनी मडकं घेतलं. त्यांच्या हातांबरोबर मडकंही थरथरलं. राख झडली. निखाऱ्याने डोळा उघडला.

उल्का बघत राहिली... तिची मान खाली गेली.

सोनबांनी आपलं घोंगडं तिच्या अंगावर टाकलं आणि तिला चुलीशी बसवलं. उरलेली पेज तिला पाजली.

बऱ्याच वेळाने तिचे दात वाजू लागले. तिने ओठ घट्ट मिटले, मुठी काखेत दाबल्या. थरथर थांबेना.

सोनबांनी मडकं तिच्या हातात दिलं. आत निखारा लालभडक झाला.

"ऊठ. उजेड आहे तोवर घाट चढ."

"अशी? अशी कापत? धवळी हसेल मला! काय सांगू तिला?"

"काही सांगू नकोस. कापत जा. तिला दिसू दे, थंडीशी आपलं अजून पटलेलं नाही."