दगडोबाचा ताप

एका गावात एक तेली राहत होता, दगडोबा त्याचं नाव. लाकडी घाण्यावर तो करडईचं तेल काढायचा. ताजं तेल कधी विकायचा नाही. तीन दिवस निवळू द्यायचा, मगच त्यात माप बुडवायचा. बापाची रीतच होती तशी.

पुढे गावात पिशवीतलं तेल आलं. पातळ, बिनवासाचं, वर स्वस्त. झालं! बहुतेक लोक दगडोबाला विसरले. अनसाबाई मात्र दर आठवड्याला आपली बाटली घेऊन यायची. तिचा नवरा म्हादबा म्हातारा, डोळ्यांनी आंधळा. त्याची जेवणावरची वासनाच उडाली होती. पण चटणीवर दगडोबाच्या तेलाची धार पडली, की स्वारी अख्खी भाकरी संपवायची.

मग काय, वारं फिरलं! शहरात घाण्याच्या तेलाचं खूळ निघालं. दिवाळीच्या तोंडावर तिथला एक दुकानदार दगडोबाच्या दारात हजर. "शंभर बाटल्या भरून ठेव. उद्या टेम्पो आणतो."

दगडोबा हुरळला. गावासाठी निवळत ठेवलेलं तेलसुद्धा त्यानं बाटल्यांत भरलं. तेवढ्यात अनसाबाई आली. आता हिला काय द्यायचं? त्यानं आत जाऊन विकतच्या तेलाची पिशवी फोडली, वासापुरतं घाण्यातलं चमचाभर कालवलं आणि बाटली भरून दिली. म्हाताऱ्याला काय कळतंय, असं मनाशी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अनसाबाई परत दारात. दगडोबाला वाटलं, आता ही चारचौघांत आपली अब्रू काढणार! पण तिच्या हातात बाटली नव्हती. कुळथाच्या गरम माडग्याचा डबा होता.

तिनं त्याच्या कपाळाला हात लावला. "ताप उतरला का रे, बाळा?"

"मला कुठं ताप, काकू?"

"अरे, यांनी काल एक घास खाल्ला नि ताट सारलं. म्हणाले, पोराच्या अंगात ताप असणार, नाहीतर त्याचा हात चुकायचा नाही. आधी त्याला माडगं नेऊन दे."

दगडोबाला रडूच कोसळलं. टेम्पो आला तेव्हा त्यानं गावाचं तेल बाजूला काढलं. "उरलंय तेवढंच न्या, शेठ," म्हणाला. दुकानदार कुरकुरला, पण घेऊन गेला. मग एक बाटली घेऊन दगडोबा म्हादबाकडे गेला. पाय धरले आणि सगळं खरं सांगून टाकलं.

म्हादबानं चाचपत त्याच्या कपाळाला हात लावला. मग म्हणाला, "म्हणजे तुला ताप नव्हता ना?"

"नाही, काका."

"मग बरं झालं, बाबा. माझ्या जिवाला घोर लागला होता. बस आता जेवायला. आणि माझ्या चटणीवर तेल तूच घाल."

तात्पर्य: मागणी आज येते, उद्या जाते; पडत्या काळात ज्यांनी आपल्याला सोडलं नाही, त्यांचा विश्वास चढत्या काळात विकू नये.