गेरूची खूण नसलेली नाव

एका नदीच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावात नावा बांधणारा एक म्हातारा राहत होता. नावा वल्हवणारा नव्हे बरं का, बांधणारा. दोघांत फरक आहे. वल्हवणारा चुकला तर तो स्वतःही भिजतो. बांधणारा चुकला तर तो कोरडा राहतो आणि भिजतात ते दुसरेच. म्हाताऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं. गोष्ट मात्र त्याच्या मुलाची आहे. फारशी अभिमानाची नाही, पण ऐका.

म्हातारा होता तेव्हा नावा बांधायच्या मांडवात मोजकीच माणसं काम करायची. संध्याकाळी हत्यारं खाली ठेवली की तो प्रत्येकाच्या हातात गेरूचा एक खडा द्यायचा आणि विचारायचा, "या नावेत स्वतःच्या लेकराला कुठे बसवणार नाहीस?" मग जो तो नावेभोवती फिरायचा. एखादा सांधा नीट बसला नाही असं वाटलं, एखादी फळी ओली लागली, की तिथे तांबडी खूण करायची. खूण कुणी केली हे विचारायचं नाही. ती खोटी निघाली तरी हसायचं नाही. सकाळी आधी तेवढं दुरुस्त करायचं, मग पुढचं काम. म्हाताऱ्याने स्वतः ठोकलेल्या फळ्यांवरही खुणा पडायच्या आणि तो बिचारा मुकाट्याने त्या परत उखडायचा.

आणखी एक रीत होती. नाव पाण्यात उतरवायच्या दिवशी ती बांधणारे सगळे आधी तिच्यात बसायचे आणि पलीकडच्या काठाला जाऊन यायचे. मगच ती गिऱ्हाइकाच्या ताब्यात जायची.

पुढे म्हातारा गेला आणि सगळा कारभार मुलाकडे आला. मुलगा वाईट नव्हता, हे आधीच सांगायला हवं. हाताने चांगला होता, बोलायला गोड होता, कामाला वाघ होता. त्याने लांबलांबची कामं आणली, मांडव वाढवला, नवी माणसं घेतली. इतकी घेतली की काहींची नावंसुद्धा त्याला पाठ होईनात. लोक त्याला धाकटे मालक म्हणायला लागले आणि त्याला ते आवडायलाही लागलं.

फक्त एका गोष्टीची त्याला लाज वाटायची, आणि नेमकी चुकीच्या गोष्टीची. मोठी गिऱ्हाइकं मांडवात यायची आणि तांबड्या ठिपक्यांनी भरलेली नाव पाहून चकित व्हायची. एकदा एक व्यापारी हसत म्हणाला, "काय हो, नावेला गोवर आला की काय?" मालकही वरवर हसला, पण ते शब्द त्याच्या मनात घर करून बसले.

त्याच दिवशी संध्याकाळी धाकू मिस्त्रींनी नावेच्या टोकाजवळच्या फळीवर खूण केली. धाकू मिस्त्री म्हणजे म्हाताऱ्याच्या वेळेपासूनचे जुने कारागीर. मालकाला लहानपणी पाठीवर घेऊन त्यांनी नदीत पोहायला शिकवलेलं. आता झालं असं की ती फळी मालकाने स्वतः बसवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळे जमलेले असताना, त्या मांडवात आजवर कुणी विचारला नव्हता असा प्रश्न मालकाने विचारला. ही खूण कुणाची?

माझी, असं मिस्त्रींनी सरळ सांगितलं.

"मिस्त्री, वय झालं तुमचं," मालक म्हणाला. "आता खुणा करायचं सोडा आणि माणसांना पाणी पाजत जा."

एवढं बोलून तो हसला. मालक हसला म्हणून नवे लोकही हसले. मिस्त्रींनी हातातला गेरू कोनाड्यात ठेवला आणि कामाला लागले. मालकाने तिथल्या तिथे नियमच करून टाकला: खूण ज्याची, दुरुस्ती त्याची, आणि तीही सुट्टीच्या दिवशी.

मग काय, खुणा कमी झाल्या. थोड्या दिवसांनी तर एकही दिसेना. मालकाला वाटलं, वा, काम सुधारलं. येणाऱ्याजाणाऱ्याला तो कौतुकाने सांगायचा, की वडिलांच्या काळी नावा तांबड्या असायच्या आणि माझ्या नावेवर बघा, एक डाग नाही. ऐकणारे मान डोलवायचे. काम करणारे दुसरीकडे बघायचे.

अशातच पलीकडच्या काठच्या गावाने मोठं काम दिलं. त्या गावाला दवाखाना नव्हता, शाळा नव्हती, बाजार नव्हता, सगळं अलीकडे. त्यांची जुनी नाव मोडकळीला आलेली. पाणी वाढायच्या आत अख्ख्या गावाची ने-आण करील अशी मोठी नाव त्यांना हवी होती. मालकाने छातीवर हात ठेवून शब्द दिला. पण घाई झाली आणि लाकूड आलं ते ओलसर. ते वाळायला वेळ द्यायचा, तो दिला नाही. सांध्यांत काथ्या ठोकून भरायचा, तो कसाबसा कोंबला. मालक पाहुण्यांच्या सरबराईत, नाहीतर पुढच्या कामाच्या बोलण्यात. माणसांना सगळं दिसत होतं. भाकरी खाताना ती एकमेकांत बोलायचीही, की ही नाव काही खरी नाही. मालक जवळ आला की सगळे भाकरीकडे बघायचे.

नाव उतरवायचा दिवस आला. ताशा वाजत होता, नावेला हळदकुंकू लावलं होतं, नारळ फुटला होता. पलीकडचं गाव नटूनथटून काठावर उभं होतं, पुढे त्यांची म्हातारी पाटलीण. मालकाची लहान मुलगी सगुणा, नवं परकर-पोलकं घालून, कुणी सांगायच्या आधीच नावेत चढली आणि अगदी टोकाला जाऊन ऐटीत बसली.

चला, बसा सगळे, असं मालक म्हणाला. कुणी हललं नाही. एकाचं पोट दुखत होतं. एकाला दोर आवळायचा होता, जो आधीच आवळलेला होता. एक जण म्हणाला, मी मागून येतो. आता नदीत मागून कुठून येणार? मालक आधी हसला. मग त्याने एकेकाचा चेहरा पाहिला. सगळ्यांच्या नजरा जमिनीवर होत्या आणि कान नुसते लालबुंद झाले होते.

नाव कुठे गळते आहे हे मालकाला अजून कळलं नव्हतं. पण आपल्याला सोडून हे सगळ्यांना ठाऊक आहे, एवढं त्याला कळलं. त्याने धाकू मिस्त्रींकडे पाहिलं आणि, तुम्ही तरी बसा, असं जवळजवळ विनवलं.

मिस्त्रींनी मान वर केली नाही. "मालक," ते म्हणाले, "आधी पोरीला खाली उतरवा."

मालकाने सगुणाला उचलून काठावर ठेवलं. ती रडायला लागली, मी काय केलं म्हणून विचारायला लागली. तिथेच थांबला असता तरी पुष्कळ होतं. पण माणसाची मान अशी सहज वाकत नाही. सगळ्यांना खोटं पाडायच्या इरेला पेटून तो एकटाच नावेत चढला आणि ढकला म्हणाला.

नाव काही धाडकन बुडाली नाही. तसं झालं असतं तर निदान अपघात म्हणता आलं असतं. सांध्यासांध्यांतून पाणी सावकाश आत येत राहिलं, दोन्ही काठांना दिसेल इतकं सावकाश. घोट्यापर्यंत आलं, मग नडगीपर्यंत. मालकाने नाव कशीबशी वळवली, पण काठाजवळच्या गाळात ती बसली. कोऱ्या धोतरात, कमरेएवढ्या चिखलातून तो चालत वर आला. ताशा केव्हाच थांबला होता. कुणी हसलं नाही. हसले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

पाटलीण पुढे आली. ती रागावली नाही, ओरडली नाही. "बाबा, उद्यापासून यात आमची पोरं बसणार होती," एवढंच म्हणाली. मग ती आपली माणसं घेऊन त्याच जुन्या मोडक्या नावेतून परत गेली. ती नाव नजरेआड होईपर्यंत मालक तिच्याकडे बघत होता. ओल्या कपड्यांचीही त्याला शुद्ध नव्हती.

मग तो आपल्या माणसांकडे वळला. तुम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं आणि एकानेही मला सांगू नये, असं म्हणताना त्याचा आवाज चिरकला. धाकू मिस्त्री पुढे झाले.

"सांगायची वाट होती, मालक. ती तुम्ही बुजवलीत. पण माझंही चुकलं. पोर नावेत चढताना मी पाहिली आणि तरी माझं तोंड उघडेना. तुमचं ते पाणी पाजायचं बोलणं आठवलं आणि मी गप्प राहिलो. एवढ्याशा पोरीपेक्षा मला माझा अपमान मोठा वाटला. आता मला माझं तोंड आरशात बघवायचं नाही."

मिस्त्रींचे डोळे भरून आले होते. ते पाहून मालकाची मान जी खाली गेली ती वर येईना.

सगळ्यांनी मिळून नाव काठावर ओढली. उन्हं कलली तसा मालक मांडवात गेला. कोनाड्यात गेरू तसाच होता, वर कोळ्याने जाळं विणलेलं. त्याने खडे आणून प्रत्येकाच्या हातात दिले. माणसं खडे हातात घेऊन नुसतीच उभी राहिली. एकदा पोळलेला हात लगेच पुढे होतो थोडाच?

तेव्हा मालक स्वतः नावेजवळ गेला. त्याने टोकाजवळ, सगुणा बसली होती तिथेच, मोठी तांबडी खूण केली.

"ही माझी," तो म्हणाला. "आणि मिस्त्रींची त्या दिवशीची खूण बरोबर होती. मला ते तेव्हाच कळलं होतं. तुम्ही सगळे घरी गेल्यावर मी ती फळी गुपचूप बदलली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांना पाणी आणायला सांगितलं."

धाकू मिस्त्रींनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, आणि नावेच्या पोटाशी वाकून पहिल्या सांध्यावर खूण केली. मग दुसऱ्यावर. मग एकेक जण पुढे झाला. सूर्य बुडेपर्यंत ती मोठी नाव या टोकापासून त्या टोकापर्यंत तांबडी झाली. मालक प्रत्येक खूण पडताना बघत होता आणि तोंड फिरवत नव्हता.

सगुणाने डोळे पुसत बापाचं धोतर ओढलं. "बाबा, नावेला गोवर आला का?"

"हो गं," तो म्हणाला. "आत होता इतके दिवस. आज बाहेर पडला."

नाव पुन्हा बांधायला पुष्कळ दिवस लागले, आणि दुसरी कामं हातची गेली ती गेलीच. नाव पुन्हा उतरवली तेव्हा मालकाने बसा म्हणायच्या आधी सगळी माणसं चढून बसली होती, आणि सगुणा धाकू मिस्त्रींच्या मांडीवर होती. तरी पाटलिणीने त्यांना दोनदा जाऊन यायला लावलं, आणि ते निमूटपणे दोनदा गेले. पुढे मांडव आणखी वाढला, माणसंही वाढली. रोज संध्याकाळी मालक स्वतः गेरू वाटायचा. सगळ्यांच्या हातात खडा देताना तो त्यांच्याकडे बघायचा. धाकू मिस्त्रींना देताना मात्र त्याची नजर शेवटपर्यंत खालीच राहिली.

तात्पर्य विचाराल तर एवढंच: आपली माणसं चूक दाखवायची थांबली, की चुका संपल्या असं समजू नये; आपण त्यांचं तोंड कधी बंद केलं ते आठवावं, आणि मग पहिली खूण आपल्याच कामावर करावी.