हौसाईचा दगड

फार मागे, आजोबांच्याही आजोबांच्या काळात, माळावरच्या सावरटेक गावात हौसाई नावाची बाई राहत होती. धान्य साठवायचे जमिनीतले खोल खड्डे, म्हणजे पेवं, लिंपण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पेवाच्या तोंडावरची माती नुसती हुंगून ती आतल्या धान्याची तब्येत सांगायची, असं म्हणतात. त्या पेवातल्या ज्वारीच्या भाकरीला एक आंबूस, गोड वास यायचा. तो वास आता कुठे राहिला?

मग पाऊस बदलला. एका शिवारावर कोसळायचा, शेजारच्यावर थेंबही नाही. एका वाईट वर्षी गावांनी आपापली पेवं खरवडून खाल्ली, बियाणंसुद्धा. तेव्हा हौसाई गावोगाव फिरली. म्हणाली, "सगळ्यांनी एकच पीक घेऊ नका. टेकडीवाल्यांनी राळे पेरा, खालच्यांनी ज्वारी. आणि प्रत्येकानं शेजारच्या गावाचं धान्य आपल्या पेवात राखा. ज्याच्यावर वेळ येईल त्यानं ते खावं, पण दोन्ही गावं हजर असल्याशिवाय पेव उघडायचं नाही."

शेजारच्या करंजखेडचे पाटील हसले. "हौसाबाई, लेकी शेजारी दिल्या, आता दाणेही द्यायचे होय?"

"लेक दिली म्हणून तरी तुम्ही तिकडे जाता, पाटील. दाण्यांसाठीही जात जा."

पाटलांना हसू आवरेना, पण त्यांनी ऐकलं.

तिसऱ्या वर्षी सावरटेकवर पाऊस फिरकलाच नाही. घरातलं संपलं. पेवात करंजखेडचे राळे होते. करंजखेडला निरोप गेला, पण कोणी आलं नाही. लोक पहारी घेऊन निघाले. पुढे हौसाईचा मुलगा खंडूच होता. ती पेवाच्या तोंडावरच्या दगडावर जाऊन बसली.

"आई, ऊठ. पोरं उपाशी आहेत."

"माझा नातू त्यांतच आहे रे. पण आज आपण एकट्यानं उघडलं, तर उद्या कोण कुणाचं राखेल?"

"आणि ते आलेच नाहीत तर?"

हौसाई दगडावरून हलली नाही. करंजखेडची वाट पाहत ती बसून राहिली. कुणी मूठभर चिंचेचा पाला शिजवून आणला, तो तिनं नातवाला दिला. चिमण्यांचा थवा दिवसभर तिच्यावर सावली धरायचा, असं म्हणतात.

तिकडे करंजखेडच्या पारावर वाद चालला होता. आपले राळे त्यांनी खाल्ले आणि पुढच्या वर्षी आपल्यावर वेळ आली तर? असं करत तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांच्या गाड्या आल्या. हौसाईनं मान वर केली. "आधी दिवा सोडा आत. विझला तर थांबा, आतली हवा जीव घेते." एवढं बोलून तिनं डोळे मिटले. उचलायला गेले, तर ती कोंड्यासारखी हलकी झाली होती.

पेव उघडलं. ठेवले होते त्याच्या दुप्पट राळे निघाले, असं म्हणतात. त्या वर्षी सावरटेकमध्ये एकही मूल भुकेनं गेलं नाही.

आता पेवं बुजली, सिमेंटची कोठारं आली. पाऊस तेव्हापेक्षाही लहरी झाला आहे. पण सुगी झाली की माळावरची गावं आजही पहिलं पोतं शेजारच्या गावी नेऊन ठेवतात. करंजखेडचे लोक मात्र पोतं गाडीतून नेत नाहीत. ते डोक्यावर घेतात आणि सावरटेकच्या शिवेपासून हौसाईच्या दगडापर्यंत धावत येतात. म्हातारी माणसंही धावतात. वाटेत कुणी पाणी दिलं तरी थांबत नाहीत.